तीन दिवसांची लाली

माझं पार्लर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. दोन खुर्च्या, एक भिंतभर आरसा आणि पडद्यामागे केस धुवायचं बेसिन. सव्वीस वर्षं मी बायकांचे चेहरे रंगवतेय, दुपारी मुलींना शिकवतेही. गोल चेहरा असेल तर लाली गालाच्या मधून कानशिलाकडे तिरपी ओढायची, म्हणजे चेहरा निमुळता वाटतो. लांब चेहऱ्याला तीच आडवी लावायची आणि नाकाच्या टोकाखाली उतरू द्यायची नाही. जबडा चौकोनी असेल तर गालाच्या उंचवट्यावर हलक्या हाताने गोल फिरवायची. हे मी झोपेतसुद्धा सांगेन.

माझी धाकटी बहीण बारकी, लांब चेहऱ्याची. लहानपणी मी तिला चिडवायचे, ‘घोडे’. ती मला म्हणायची, ‘भोपळे’. तिचा नवरा लवकर गेला. मुलीला तिने एकटीने वाढवलं, शिकवलं, विमानात बसवून दूर शिकायला पाठवलं. मुलगी आमच्या दोघींची चिमणी. मला मूलबाळ नाही, त्यामुळे ती अर्धी माझीच.

बारकीची फुप्फुसं आकसत चालली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार महिने उरले नाहीत. बारकीला मात्र ते आधीच कळलं होतं. स्टिरॉइडच्या मोठ्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत तिचा चेहरा फुगला. हनुवटी दिसेना, डोळे बारीक झाले, कातडी राखाडी पडली. एका सकाळी ती पार्लरमध्ये आली, खुर्चीत बसली आणि दम परत येईपर्यंत खुर्चीचा हात धरून राहिली.

मग म्हणाली, “ताई, आता भोपळा मी झाले. चिमणी येतेय शुक्रवारी. तीन दिवसांसाठी.”

“बरं झालं. समोरासमोर सांगता येईल.”

“काही सांगायचं नाहीये. तिची शेवटची परीक्षा आहे चार महिन्यांनी. तिला कळलं तर ती सगळं टाकून येईल. मला ओळखतेस ना? मग तिलाही ओळखतेस.” तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “मला पहिल्यासारखी करून दे.”

“अगं, लाली म्हणजे काय जादू आहे?”

“सव्वीस वर्षं लोकांना जादूच म्हणून विकलीस की!”

मला हसू आलं, आणि हसताहसताच मी हो म्हणून बसले. तिथेच चुकलं.

आम्ही दोन दिवस सराव केला. जबड्याखाली गडद छटा, गालाच्या खालच्या बाजूला तपकिरी सावली. त्यावर लाली, तिरपी, कानशिलापर्यंत, कडा बोटाने पुसून काढलेल्या. राखाडी कातडीवर गुलाबी रंग मेलेला दिसायचा, म्हणून मी पिकल्या जर्दाळूसारखा घेतला. ओठांचा निळसरपणा झाकायला आधी पिवळट थर. दुसऱ्या दिवशी, चौथ्या खेपेला, आरशात माझी बारकी दिसली. तीही बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “हिची मला आठवण येत होती गं.”

चिमणी आली ती धावतच. आईला घट्ट मिठी मारून मागे सरकली आणि निरखून बघायला लागली.

“काय गं आई, एवढी कशी तजेलदार दिसतेस? कुणाच्या प्रेमात-बिमात पडलीस की काय?”

“पडले तर तुझी परवानगी घेऊ?” बारकी म्हणाली. खोकला आला तो तिने हसण्यात दडवला.

तिन्ही सकाळी मी उजाडायच्या आत मागच्या दाराने तिच्या घरी गेले. न्हाणीघरात स्टुलावर बसवून तिला रंगवायचे आणि चिमणी उठली की म्हणायचे, फिरायला निघाले होते, चहाला थांबले. बारकी दिवसभर बसूनच कामं सांगायची. जिना चढायची वेळ आली की तिला फोन यायचा आणि ती खालीच थांबायची. दुसऱ्या दिवशी दोघींनी गालाला गाल लावून फोटो काढला. तिसऱ्या सकाळी रंग बसेचना. तिला घाम फुटत होता, मी टिपत होते, पुन्हा लावत होते. त्या दिवशी मी रोजच्यापेक्षा दुप्पट लाली लावली.

त्याच दुपारी चिमणी स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, “मावशी, खरं सांग. आई दमल्यासारखी वाटते का गं तुला?”

बाहेरच्या खोलीतून बारकीच्या श्वासाचा आवाज येत होता. मी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

“वय होतंय तिचं. दम लागायचाच. तू तुझा अभ्यास बघ.”

तिने विश्वास ठेवला. मावशीवर नाही ठेवायचा तर कुणावर?

बारकी अकरा आठवड्यांनी गेली. चिमणी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. परीक्षा पाच आठवड्यांवर होती. ती रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत, त्यांच्या तोंडून आईच्या आजारपणाचं ऐकत राहिली. सगळे गेल्यावर तिने फोनमधला तो फोटो काढून माझ्यासमोर धरला.

“हा रंग तू लावलास ना?”

“हो.”

“तिन्ही दिवस?”

“हो. तिनेच सांगितलं होतं, तुझ्या परीक्षेसाठी...”

“ती आई होती, ती सांगणारच. पण मी तुला विचारलं होतं, मावशी. स्वयंपाकघरात. तुला विचारलं होतं.”

तिने फोन पालथा ठेवला.

“माझ्याकडे तिचा शेवटचा फोटो आहे आणि त्यात ती नाहीच. खरी कशी दिसायची ते सांग.”

दुसरा एकही फोटो नव्हता. आजारपणात बारकीने कुणाला काढू दिला नव्हता. मग मी सांगायला लागले. चेहरा गोल झाला होता, गालाची हाडं हाताला लागत नव्हती. डाव्या डोळ्याखाली जास्त सूज. कपाळावर बारीक पुटकुळ्या. कातडी इतकी पातळ की ब्रश लागला तरी लाल व्हायची, म्हणून मी बोटानेच लावायचे. ओठ जांभळट. वरच्या ओठावर लव आली होती, तिची तिला फार लाज वाटायची. मी तोंडं बघून पोट भरणारी बाई, काहीच विसरले नव्हते. चिमणी डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, “भुवया?”

“तशाच होत्या. तुझ्यासारख्या.”

ती लगेच परत गेली नाही. परीक्षा दिलीच नाही. आईचं घर आवरत ती दीड महिना राहिली, माझ्याशी कामापुरतं बोलली. निघायच्या आधी घराची किल्ली द्यायला पार्लरवर आली त्या दिवशी माझ्या खुर्चीत कुणीतरी नवरी मुलगी बसली होती. चिमणी दारातूनच म्हणाली, “एवढंच सांग. तिला त्रास व्हायचा का? खूप?”

नवरी आरशातून आमच्याकडे बघत होती. माझ्या जिभेवर ‘नाही गं’ आलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “रोज. शेवटी शेवटी तर तिला आडवंही होता यायचं नाही.”

चिमणीने मान हलवली. बाहेर जाऊन ती पायरीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मी हातातला ब्रश ठेवला, दारापर्यंत गेले. तिच्याशेजारी बसायचं धाडस मात्र मला झालं नाही.