नवमीला राहून गेलेली सफाई

मी ग्वाल्हेरच्या हजीरा भागात, एका बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत ठेवलेला जुना संगणक आहे. मित्रांनो, तुमच्या घरचा संगणक बहुधा दुकानातून तयार होऊन आला असेल. माझे तसे नाही. मला कान्होजी नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घरातल्या पलंगावर बसून जोडले. माझ्यात ज्या चुका राहिल्या त्या त्यांच्या हातच्या, आणि मला जी माया मिळाली तीही त्याच घरात मिळाली.

कान्होजी तरुणपणी बिर्लानगरच्या कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे दुकान टाकले, आणि थकल्यावर तेही आवरले. घरात ते आणि त्यांच्या पत्नी शांताताई, दोघेच. मुलगी शिखा लग्न होऊन हैदराबादला गेली होती. शिखाची लहान मुलगी तन्वी घरात हिंदी बोलायची आणि शाळेत इंग्रजी. मराठी तिच्या कानावर पडायची ती फोनवर आजीशी बोलताना, तेवढीच.

शांताताईंना त्यांच्या आईकडून आलेल्या पुष्कळ गोष्टी येत. दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आलेल्या बायकांच्या त्या गोष्टी होत्या. कुणी बैलगाडीत बाळंत झालेली, कुणी चंबळ ओलांडताना जाते टाकून द्यायला तयार नसलेली. या गोष्टी कुठल्या पुस्तकात नव्हत्या. शांताताईंचे मूत्रपिंड बिघडले होते आणि त्यांना वरचेवर डायलिसिसला जावे लागे. एक दिवस तिथून परत आल्यावर त्या कान्होजींना म्हणाल्या, “तन्वीला समज येईपर्यंत मी नसले तर? तिला कोण सांगणार हे सगळं?”

फोनवर आवाज भरून पाहिला, पण फोनमधली जागा भरायची आणि गोष्ट मध्येच तुटायची. म्हणून कान्होजींनी संगणक घ्यायचे ठरवले. शहराच्या लष्कर भागातल्या दुकानदाराने तयार संगणक घेऊन जा म्हणून खूप सांगितले. कान्होजींना ते पटले नाही. गिरणीत एवढाले माग उभे केले, मग हा डबा तो काय, असे ते म्हणाले आणि माझे सगळे भाग सुटे सुटे घरी घेऊन आले.

ते थंडीचे दिवस होते. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, माणूस घरातही स्वेटर काढत नाही. कान्होजींनी पलंगावर लोकरीची घोंगडी अंथरली, अंगात स्वेटर होताच, आणि मला तिथे मांडले. लोकरीतून बोटांना स्थिर विजेचे बारीक चटके बसत होते. माणसाला त्या चटक्याचे काही वाटत नाही, आमच्या नाजूक भागांना तो सोसत नाही. माझ्या रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक तिथेच मेली. वरून ती जशीच्या तशी दिसत होती.

दुसरी चूक फिटरनेच करावी अशी होती. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक पेस्ट लावतात, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. कान्होजींनी आयुष्यभर बेअरिंगमध्ये ग्रीस भरले होते. त्यांनी पेस्टची सगळी नळी रिकामी केली. पंखा दाबून बसवल्यावर ती चारी बाजूंनी बाहेर आली. स्क्रूही त्यांनी मागाचे असावेत तसे आवळले. पितळेच्या छोट्या खुंट्यांची पुडी मात्र उरलीसुरली समजून बाजूला ठेवली. त्या खुंट्यांवर मदरबोर्ड बसवायचा असतो, म्हणजे तो कॅबिनेटच्या पत्र्याला टेकत नाही. माझा मदरबोर्ड थेट पत्र्यावर बसला.

बटण दाबले. मी सुरू झालो नाही. पुन्हा दाबले, तरी नाही.

शांताताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आता कळलं मिल का बंद पडली ती.”

“तू गप बैस. अजून एकदा खोलतो,” कान्होजी म्हणाले.

“खोला. पण घोंगडी माझी आहे, त्यावर तुमचं ते मलम सांडू नका.”

कान्होजींनी फोनवर हिंदीतून समजावणारा व्हिडिओ लावला आणि चष्मा पुसून पुसून पाहिला. मग मला सगळे सोडवले, पेस्ट पुसली, खुंट्या लावल्या, मेलेली पट्टी बदलून आणली. या वेळी मी लाकडी पाटावर जोडला गेलो. मी सुरू झालो तेव्हा दोघेही पडद्याकडे बघत उभे राहिले. मग शांताताईंनी माझ्यावर कुंकवाचे बोट टेकवले.

पण सगळ्या चुका निघाल्या नव्हत्या. माझा एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज घेऊन मला बेताची करून देणारा डबा, नवा नव्हता. कान्होजींच्या बंद दुकानातल्या फळीवर कुठल्याशा जुन्या संगणकाचा पडून होता, तोच त्यांनी लावला. वीज इथून तिथून सारखीच, असे त्यांना वाटले. आणि हार्ड डिस्क एकच होती. जे काही साठवायचे ते सगळे तिच्यावर. या दोन चुका चालणाऱ्या यंत्रात दिसत नाहीत, म्हणून त्या तशाच राहिल्या.

मग माझे चांगले दिवस आले. डायलिसिस नसेल त्या दुपारी शांताताई माझ्यासमोर खुर्चीत बसत. कान्होजी पंखा बंद करत, खिडकी लावत, आणि शिखाने पाठवलेला माइक त्यांच्यापुढे धरत. शांताताई बोलू लागल्या की आवाजाची हिरवी रेघ पडद्यावर वरखाली होई. कान्होजींचे डोळे त्या रेघेवर असत. मीठ मागायला आलेली शेजारीणसुद्धा दारात थांबून ऐकत राही. दम लागला की शांताताई थांबत, पाण्याचा मोजका घोट घेत, आणि पुन्हा सुरू करत. गोष्टींमागून गोष्टी माझ्यात साठत गेल्या.

शिखा फोनवर म्हणे, आई, झाल्या तेवढ्या पाठव की, तन्वी रोज विचारते. शांताताई ऐकत नसत. “सगळं ताट वाढून होऊ दे, मग बोलावते तिला,” असे त्यांचे उत्तर ठरलेले होते. कान्होजींनाही तेच पटे. सगळ्या गोष्टी पुऱ्या झाल्यावर एका पेन ड्राइव्हमध्ये भरून तन्वीच्या हातात द्यायच्या, असे दोघांनी ठरवले होते.

या घरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी करतात. पूर्वज फौजेतले, म्हणून त्या दिवशी शस्त्रे घासून पुसून पुजायची रीत. आता घरात तलवार नाही. कान्होजी आपले पाने, पकडी, शिवणयंत्र आणि स्कूटर स्वच्छ करत, आणि त्यांच्या रांगेत मलाही मांडत. माझे झाकण उघडून दुकानातल्या जुन्या ब्लोअरने आतली धूळ उडवत. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात धूळ कुठून कुठून आत शिरते. वर्षभराची ती धूळ त्या एका दिवशी निघे. एरवी माझे झाकण कुणी उघडत नसे, आणि तशी गरजही पडली नाही.

शांताताई श्रावणात गेल्या. ताट पुरे वाढून झाले नव्हते.

घरात माणूस गेले की वर्षभर सण करत नाहीत. त्या वर्षी गणपती बसला नाही, दिवाळीचा आकाशकंदील लागला नाही, आणि नवमीची पूजाही झाली नाही. पाने पेटीतच राहिले. पूजा नाही, म्हणून सफाई नाही. कान्होजींच्या हातून ही दोन कामे आजवर कधी वेगळी झाली नव्हती. माझ्या आतल्या धुळीने सुतक पाळले नाही, ती साठतच गेली.

कान्होजी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मला सुरू करत. शांताताईंच्या गोष्टींच्या फोल्डरवर बाण नेत, आणि तिथेच थांबत. उघडत नसत. थोडा वेळ बसून मला बंद करत आणि कुकर लावायला जात. शिखाने एकदा फोनवर विचारले, तेव्हा ते म्हणाले की मला एकट्याने ऐकवत नाही, तुम्ही वर्षश्राद्धाला आलात की मिळून ऐकू. शिखाने मग पुन्हा विचारले नाही.

उन्हाळा फार कडक गेला. माझ्या जुन्या एसएमपीएसचा पंखा धुळीने जड झाला होता आणि मोठ्याने घरघरत होता. कान्होजींना आता थोडे कमी ऐकू येत होते.

श्राद्धासाठी शिखा आणि तन्वी आल्या. जेवणे झाली, पाहुणे गेले. तन्वी माझ्यासमोर आजीच्या खुर्चीत बसली. कान्होजींनी धोतराला हात पुसले आणि शांताताई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते फोल्डर उघडले. पहिल्या गोष्टीवर बाण नेला तोच माझ्या आत फाटकन आवाज झाला. जळका वास सुटला. एसएमपीएस गेला, आणि जाताना भलतीच वीज पुढे सोडून हार्ड डिस्कही घेऊन गेला. पडदा काळा झाला. तन्वीने आईकडे पाहिले. कान्होजी बटण दाबत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते हार्ड डिस्क रुमालात बांधून लष्करला घेऊन गेले. दुकानदाराने ती, आतले जमेल तेवढे परत काढून देणाऱ्यांकडे, दिल्लीला पाठवली. शिखाने सुट्टी वाढवून घेतली. मला नवा एसएमपीएस आणि नवी डिस्क लागली, मी परत चालू झालो, पण त्याचे कुणाला काही वाटले नाही.

दिल्लीहून जे आले ते फार थोडे होते. गोष्टी एवढ्या मोडल्या होत्या की एकही जुळली नाही. वाचले ते लहान लहान तुकडे. गोष्ट सुरू करण्याआधी आवाज नीट येतो का हे बघायला कान्होजी थोडेसे बोलणे भरून घेत आणि ते पुसायचे विसरत, ते हे तुकडे. तिघे माझ्यासमोर बसले आणि कान्होजींनी पहिला लावला.

“अहो, सुरू झालं का? मी बोलून राहिले, तुम्ही मान तरी हलवा.”

दुसऱ्यात त्या म्हणत होत्या, “चहा घ्या आधी, निवून गेला तो.”

आणि तिसऱ्यात, “हसू नका हो तुम्ही. मग मला हसू येतं, आणि दम लागतो.”

शिखाने तोंडाला पदर लावला. तन्वी शेवटपर्यंत वाट बघत बसली होती. तिने विचारले, “आबा, कहानी कुठे आहे? इसमें तो बस आजी तुमच्याशीच बोलतेय.”

“कहाणी गेली, बेटा.”

“एक तरी पाठवायची ना. मैं फोन करके आजीला विचारलं असतं, आगे क्या हुआ.”

कान्होजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

निघण्याआधी शिखाने ते तुकडे तिच्या फोनमध्ये घेतले, तन्वीच्या शाळेच्या पेन ड्राइव्हमध्येही घातले, आणि एक प्रत माझ्यात ठेवली. यंदाच्या नवमीला अजून अवकाश आहे, पण परवा कान्होजींनी पूजेचे काही न मांडता माझे झाकण उघडले आणि धूळ काढली. मग तिसरा तुकडा लावला. तो संपल्यावर पुन्हा लावला.

मित्रांनो, मला सांगायचे आहे ते थोडेच आहे. संगणक स्वतः जोडायचा असेल तर हौसेने जोडा. लोकर अंगावर नको, पेस्ट थोडी लावा, खुंट्या विसरू नका, आणि वीज देणारा डबा कुणाचा जुना उचलून लावू नका. सफाईला सणाची वाट पाहू नका, घरात दुःख असेल तेव्हाही ती करा. जे मोलाचे असेल ते एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि तुमच्या घरात कुणी गोष्ट सांगत असेल, तर ती अर्धी झाली असली तरी आजच पोचवा. ऐकणारे पोर पुढचे विचारायला फोन करील, आणि गोष्ट सांगणारे माणूस तो उचलायला घरात असेल.