फणसाखालची अळंबी

मी अळंबी बोलतेय. वर दिसते ती छत्री म्हणजे मी नव्हे, ते नुसतं माझं फळ. खरी मी मातीत आहे, पांढऱ्या धाग्यांची, भुकूम गावच्या रंभाबाईंच्या फणसाखाली.

मला भाजी म्हणाल तर खबरदार! मी हिरवी नाही, उन्हावर स्वयंपाक मला येत नाही. म्हणजे मी झाड नाही. मला तोंड नाही, पोट नाही. अन्न आधी बाहेरच पचवते, मग शोषते. म्हणजे जनावरही नाही. सजीवांत माझी पंगतच वेगळी.

उन्हाची ताकद पानात येते, पानातून किड्यात, किड्यातून पाखरात, माझ्यातही. आणि जाईल तिथं ऊब होऊन उडत जाते. ती परत येत नाही, रोज नवं ऊन लागतं. पानातलं सत्त्व मात्र उडू द्यायचं नसतं. ते सोडवून मी मातीत ठेवते, मुळं उचलतात, पुन्हा पान होतं. बढाई वाटली तर वाटू दे.

रंभाबाईंनी हा फेराच अडवला होता. भातखाचरं होती तेव्हा त्या पाला गोळा करून रोपांच्या वाफ्यावर जाळायच्या, म्हणजे राब भाजायच्या; राख तिथंच रोपांना मिळायची. खाचरं विकली, तिथं इमारती आल्या, हाताची सवय राहिली. रोज अंगण झाडायचं, पाला पेटवायचा. निम्मं सत्त्व धुरात, उरलेली राख घंटागाडीत. फणस उपाशी. फांद्या वाळल्या, फळ धरेना. खराटा पोचत नव्हता अशा भिंतीच्या सांदीत मी तग धरून होते.

"आये, हा फणस दिवाळीनंतर तोडतो. भाड्याला दोन खोल्या निघतील," मुलगा जयसिंग म्हणाला. रंभाबाईंनी आपल्या लग्नाच्या वर्षी स्वतः लावलेलं झाड. त्यांना दोन दिवस भाकरी गोड लागली नाही.

श्रावणात मी छत्र्या उघडल्या.

"बघ, बुरशी धरली. झाड सडलं!" जयसिंग ओरडला. रंभाबाई खराटा घेऊन माझ्यावर धावल्या. भाडेकरू प्रियदर्शिनी, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी, आडवी आली.

"आजी, थांबा! ही फणस खात नाही, पडलेला पाला खाते, त्याचं खत करते. झाड नाही, प्राणी नाही, वेगळीच जात आहे."

"झाड न्हाई, जनावर न्हाई. मग काय, भाडेकरू हाय का?"

"भाडेकरूच. आणि भाडं मातीतच भरते. तुम्ही मात्र तिचं जेवण जाळता."

"राब भाजल्याबिगर पिकतंय व्हय?"

"वाफा कुठाय आजी?"

रंभाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. "वाफा इकून खाल्ला की आमी," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पाला फणसाच्या बुडाशी पसरू लागल्या.

दिवाळी झाली. मिस्त्री टेप घेऊन आला. फणसाच्या फांद्या तशाच वाळक्या होत्या. रंभाबाई बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"जयसिंगा, खोल्या वर बांध. माडी चढाया भाडेकरूंना पाय हायेत, झाडाला न्हाईत."

"आणि फळ धरलंच न्हाई तर?"

"तर सावलीत बसंन. तू टेप गुंडाळ."

टेप गुंडाळला गेला. आता वर विटा चढतायत आणि खाली मी पसरतेय, भिंतीच्या सांदीतून बुंध्यापर्यंत. फणस धरेल की नाही, याचं वचन मी देत नाही. उपासाची वर्षं एका पावसाळ्यात भरून येत नसतात. पण मी कामाला लागलेय.

तुमच्याही दारात पाला पडत असेल. काडी ओढण्याआधी एकदा खाली वाका. तिथं कुणीतरी जेवायला बसलेलं असतं.