सुमनताईंचं दालन

कार्तिकातल्या तिरप्या उन्हात शिडीवर उभ्या असलेल्या सुमनताई आठवतात. एक हात भिंतीला टेकलेला, दुसऱ्यात चित्राची दोरी, आणि खिळा ठोकण्याआधी घेतलेला तो दीर्घ, श्रांत श्वास. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कडावच्या वाटेवरची बंद पडलेली भाताची गिरण भाड्याने घेतली आणि तिथे केवळ स्त्रियांनी काढलेल्या चित्रांसाठी दालन उभं केलं. मी रविवारी मदतीला जात असे. कोंड्याचा मंद, उबदार गंध त्या भिंतींतून कधी गेलाच नाही. पळसदरीच्या धरणावर निघालेली मुंबईची मंडळी डोकावत, चहा मिळेल का विचारत, आणि ताई त्यांनाही तितक्याच मृदू, दमलेल्या स्वरात एकेक चित्र दाखवत.

एका वर्षी कार्तिकातल्या प्रदर्शनापर्यंत कापणी लांबली होती. उद्घाटनासाठी मांडलेल्या खुर्च्या दिवसभर रिकाम्या राहिल्या. छताच्या फटीतून उतरलेला प्रकाश त्यांच्यावरून कंटाळलेल्या पाहुण्यासारखा सरकत गेला.

"हे शेवटचं प्रदर्शन," ताई मला म्हणाल्या. "आता हात वर जात नाहीत गं माझे."

संध्याकाळी दाराशी कुजबुज झाली. शेतावरून थेट आलेल्या बायका, केसांत पेंढ्याची कुसं, पावलांना माती, उंबऱ्याबाहेरच थबकल्या होत्या.

"या, आत या," ताई म्हणाल्या. "फरशी काय, पुसता येते."

त्यांच्यातली यमुना स्वतःच्या चित्रासमोर उभी राहिली. चुलीपुढची पाठमोरी बाई तिनेच रंगवली होती. बराच वेळ पाहून ती खाली बसली; मग बाकीच्याही बसल्या. दिवसभराचे श्रम त्यांच्या अंगावरून हळूहळू ओसरत होते. दालन बंद करत असल्याचं ताईंनी सांगितलं, तेव्हा यमुना वळली.

"मंग आमी कुठं जायाचं, ताई? लगीन असू दे, बारसं असू दे, तिथंबी कामालाच लागतो आमी. हितं नुसतं बसता येतं. घरात असं बसलं तर इचारतात, बरं नाय का तुला?"

भिंतीला पाठ टेकवून ताईही तिच्याशेजारी बसल्या. अंधारू लागलं तरी कुणी दिवा लावायला उठलं नाही.

"पुढचं माघात ठेवू," त्या अखेर म्हणाल्या. "शेतीची कामं उरकल्यावर. मग दिवसभर बसा."

माघातलं ते प्रदर्शन झालं, पुढे आणखी दोन झाली. प्रत्येक वेळी ताईंचा हात थोडा कमी उंच जाई, चित्रंही थोडी खाली लागत. शेवटी ती बसलेल्या बायकांच्या डोळ्यांशी येऊन थांबली. गेल्या भाद्रपदात ताई गेल्या.

दालन आता आम्ही चालवतो. किल्ली यमुनाकडे असते, चित्रं मी लावते. काम संपवून फरशीवर टेकले की वाटतं, गेलेल्या माणसाचा चेहरा काळ पुसट करत नेतो, आवाजही नेतो. पण ज्या कामाने ते माणूस थकलं, ते काम आपण हाती घेतलं, तर त्याचा थकवा तेवढा आपल्या खांद्यांत येऊन राहतो, आणि नसलेल्या माणसाचा तोच सर्वांत जवळचा स्पर्श असतो.