मेंदीशिवाय नीळ

आमच्या गल्लीतल्या बायकांचे केस तूरान घरच्या घरी रंगवते. आधी मेंदी, ती धुतली की वर वस्मा, म्हणजे निळीच्या पानांची भुकटी. मेंदीवर नीळ बसली की केस काळेभोर होतात. अख्ख्या यज्द शहरात तिच्या हाताला तोड नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं, नस्तरनचं, लग्न ठरलं होतं. तूरानची नणंद कुदसी नवऱ्या मुलाच्या आईकडे चहाला गेली आणि सहज बोलावं तसं बोलली, "पोर गुणाची आहे हो, फक्त अधूनमधून फेफरं येतं." धडधडीत खोटं. अंगठी परत आली. नस्तरन घराबाहेर पडेनाशी झाली. तूरान त्यानंतर मेंदी घोटायची ती वाडगं फुटेल अशी.

मग कुदसीच्या मुलाचं लग्न निघालं. बाजारच्या रंगाने डोक्याला खाज सुटते म्हणून तिने कधीच रंग सोडून दिला होता. केस कापसासारखे पांढरे. लग्नाच्या आदल्या दिवशी ती तूरानकडे आली. मी तिथेच चहा पीत होते.

"तूरान, झालं गेलं विसर गं. उद्या चारचौघींत म्हातारी दिसायला नको मला."

"बसा ना, आबजी." थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, अगदी गोड.

वाडग्यात नुसती नीळ होती. ओल्या गवताचा वास सुटला.

"आधी मेंदी नाही लावत?" कुदसीने विचारलं.

"दोन्ही एकत्रच कालवलंय. वरमाईला कुठला एवढा वेळ?"

मी तूरानकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. मीही तोंड उघडलं नाही. नस्तरन माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली.

धुतल्यावर केस हिरवट दिसले. "हवा लागू द्या, उद्यापर्यंत काळे होतील," तूरान म्हणाली. मेंदीवर लावलेल्या निळीचं खरंच तसं होतं, म्हणून कुदसीचा विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी ते मोरपंखी झाले.

लग्नघरी बायकांच्या दालनात सगळ्या उघड्या डोक्याने नाचत होत्या. कुदसी एकटी रुमाल आवळून बसलेली. नवरीची आजी हसत आली. "अगं विहीणबाई, इथे कोण पुरुष बसलाय?" म्हणाली आणि गाठ सोडली.

डफ थांबला. कुणीतरी फिसकन हसलं.

"हे तूरानचं काम! मुद्दाम केलंय तिने!" कुदसी किंचाळली.

"मुद्दाम? ती कशाला करेल?" आजीने विचारलं.

तूरान कोपऱ्यातून उठली. "हो, मुद्दाम केलं. का ते आबजीच सांगतील. सांगा, माझ्या पोरीला फेफरं कधी आलं होतं?"

कुदसीने रुमाल पुन्हा डोक्यावर ओढला. सुटका नव्हती.

"कधीच नाही," ती पुटपुटली.

"मोठ्याने."

"नाही आलं कधी! मी खोटं बोलले!"

नवरीच्या आईचा चेहरा उतरला. "आणि आता आमची पोर हिच्या घरात नांदणार," ती म्हणाली.

आठवड्याने, नस्तरनशी लग्न मोडलेल्या त्या मुलाच्या आईने पुन्हा मागणी घालायला मिठाईचं ताट धाडलं. तूरानने झाकणही न उघडता ते माघारी पाठवलं. कुदसीने केस बारीक कापून घेतले म्हणे.

"आई, एवढं करून तुला बरं वाटलं का?" नस्तरनने माझ्यासमोरच विचारलं.

"हो," तूरान म्हणाली. "फार बरं वाटलं."