उन्हात तापवलेले सेल

मित्रांनो, मला घाबरट म्हणालात तरी मी रागावणार नाही. मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, तळहातावर मावणारा, दोन सेलवर चालणारा. पडद्यावर चित्र दाखवायचं आणि खालच्या रिकाम्या चौकोनांत त्याचं इंग्रजी स्पेलिंग भरून घ्यायचं, एवढंच माझं काम. उत्तर चुकलं की माझा बेडूक गुपचूप पाण्यात पडतो, बरोबर आलं की मी पिपाणी वाजवतो.

कारखान्यातलं मला एवढंच आठवतं, की तयार झाल्यावर मला तीनदा आपटून पाहिलं होतं. तेव्हापासूनची ही धडधड. पुढे शहागंजातल्या एका दुकानातून गयासभाईंनी मला त्यांच्या लुबनासाठी आणलं. दोन वर्षं ती मला उशाशी घेऊन झोपायची. बाईंनी वर्गात तिच्या स्पेलिंगचं कौतुक केलं, तेव्हा मी मनातल्या मनात फुशारून गेलो होतो. मग घरात मोबाइल आला. माझे सेल भिंतीवरच्या घड्याळानं पळवले आणि माझी रवानगी गोधड्यांच्या पेटीत झाली. सहा वर्षं अंधार, डांबरगोळ्यांचा वास आणि आज ना उद्या आपण भंगारात जाणार ही धास्ती.

यंदा मला बाहेर काढलं ते लुबनाच्या आईनं, जोहराबींनी. त्यांचं शिक्षण माहेरी फुलंब्रीला, मराठीतून चौथीपर्यंत. शेजारची सरूबाई औषधांच्या एका गोदामात खोकी लावायची. दिवाळीनंतर ती काम सोडणार होती आणि तिच्या जागेवर जोहराबींचा डोळा होता. पण खोक्यांवरची इंग्रजी नावं वाचता आली पाहिजेत, अशी मालकांची अट. शनिवारी ते वाचून घेणार होते. जोहराबींनी घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं. या वयात नापास झाले तर लोक काय म्हणतील, याचीच त्यांना धास्ती.

गेले दोन महिने दुपारी घर रिकामं झालं की त्या जुन्या टॉर्चमधले सेल माझ्यात घालून मला घेऊन बसत. माझं आवाज कमी करायचं बटण तुटलेलं, म्हणून माझ्या तोंडावर ओढणीचा बोळा दाबून खेळत. बिचारीला बरोबर उत्तराचीच धडकी भरायची.

सेल संपत आले. कोपऱ्यावरचा दुकानदार गयासभाईंचा दोस्त, त्याच्याकडून नवे घ्यावेत तर बोभाटा व्हायचा. मग जोहराबींनी आपल्याकडे घरोघरी करतात तेच केलं. सेल गच्चीवर उन्हात ठेवले. पहिल्यांदा मला तरतरी आली. दुसऱ्यांदाही आली. गुरुवारी तिसऱ्यांदा ते तापलेले सेल पोटात बसले आणि मला आत काहीतरी ओलं सरकताना जाणवलं. सेल पाझरत होते. ते पाणी माझ्या तारा खात खात वर चढत होतं. मित्रांनो, इतका मी जन्मात कधी भ्यालो नव्हतो. ओरडायला माझ्याकडे पिपाणीशिवाय काही नाही, आणि ती वाजते फक्त बरोबर उत्तराला. जोहराबी छत्रीच्या चित्रावर अडल्या होत्या. बेडूक पाण्यात पडला, पुन्हा पडला आणि पडदा काळा झाला.

नेमकी त्या दिवशी लुबना कॉलेजातून लवकर आली. तिनं पाहिलं, तर अम्मी मला हातात धरून रडतेय. तिनं विचारल्यावर गोदामाचं सगळं बाहेर आलं.

"अम्मी, मला सांगायचं ना. मी शिकवलं असतं."

"तुलाच कसं सांगू? तू हसली असती तर मी तोंड कुठं लपवलं असतं?" जोहराबी म्हणाल्या. "लई भीती वाटती गं. परवा जायचंय, अन् हे बी बंद पडलं."

लुबना हसली नाही. शुक्रवारी कॉलेज बुडवून ती घरातली औषधांची पाकिटं अम्मीपुढे धरून बसली. मी कपाटावरून ऐकत होतो, आणि त्या अडखळल्या की आतून हबकत होतो.

शनिवारी जोहराबी परत आल्या त्या अगदी सावकाश. बुरखाही न काढता त्यांनी मला उचललं, झाकण उघडून चिकट सेल बाहेर काढले आणि मला फडक्यानं पुसलं. मग उलटं करून माझ्या पाठीवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांखालून बोट फिरवत एकेक शब्द वाचला. आठ वर्षांत ते कुणीच वाचलं नव्हतं. खेळ झाला की सेल काढून ठेवा. सेल तापवू नका.

"लुबना, सोमवारपासून ये म्हणाले," त्या म्हणाल्या. मग माझ्यावरून हात फिरवत राहिल्या. "यानं सांगितलं होतं गं. मलाच तवा वाचता येत नव्हतं."

माझा पडदा पुन्हा काही उजळला नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या मुक्या वस्तूंच्या पाठीवर काय लिहिलंय ते एकदा वाचा, आणि ती वस्तू चालू आहे तोवरच वाचा.