चि. सौ. कां.च्या पुढे

दिवाळीची सुट्टी लागायला दोन दिवस होते. रविवारी सकाळी वीरभद्र सर ऊसतोड मजूर हनुमानच्या दारात शिडीवर उभे राहून लग्नघराची भिंत रंगवत होते. पोरवयात त्यांनी केजच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यावर बीडला राहून चित्रकलेची पदविका घेतली, आणि गावच्या शाळेत बारा वर्षं बिनपगारी शिकवलं. पगार आता कुठं सुरू झाला होता. तरी माजी सरपंच सुंदररावांचा निरोप आला की सर ब्रश घेऊन निघायचे. सुंदरराव शाळेच्या संस्थेवर होते.

गणपती झाला, केळीचे खांब झाले. 'चि. सौ. कां.' ही अक्षरंही झाली. पुढं नाव लिहायचं होतं हनुमानच्या लेकीचं, वैष्णवीचं. ती नववीत होती, सरांच्याच वर्गात. तिचा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा अर्ज सरांनी स्वतः भरला होता. पंधरावं पुरं झालं नव्हतं तिला. हे ठाऊक असूनच ते आले होते, आणि म्हणून सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ब्रश सारखा रंगात बुडवायचे आणि नुसताच निथळत ठेवायचे.

तीन वर्षांपूर्वी असंच मोहिनीचं नाव लिहिलं होतं. ती आठवीतली. वर्षाच्या आत बाळंतपणात गेली. 'मी लिहिलं नसतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं,' अशी सरांनी मनाची समजूत घातली होती. तरी शाळेला जाताना ते मोहिनीच्या गल्लीतून जायचं टाळत.

वैष्णवी चहा घेऊन आली. अंगाला हळद लागायची होती अजून. हळूच म्हणाली, "सर, इंटरमिजिएटचा निकाल कधी हाय? मी तवा हितं नसंन. कुणाच्या तरी फोनवर कळवताव का?"

सर शिडीवरून खाली उतरले. कपाला त्यांनी हात लावला नाही.

ओट्यावर बसलेल्या सुंदररावांनी विचारलं, "काय सर, नाव कावून ऱ्हायलं?"

"नाव मी लिहिणार नाही. हे लग्न व्हायचं नाही."

"आता? सगळा गणपती काढून झाल्यावर?" सुंदरराव हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "संस्थेत नोकरी करायची हाय न्हवं?"

हनुमान मात्र कळवळून पुढं आला. "सर, तुमचं खरं हाय. पर आमी दोघं कारखान्यावर गेलो का सहा म्हैने घराला कुलूप. वयात आलेली पोर कुणाजवळ ठिवू? उसाच्या फडात पाचटाच्या कोपीला दार नसतंय. गेल्या साली तिला संगं नेलती, रातभर मी जागा. लगीन लावलं का आमी सुटलो. तुमी सांगा, कुठं ठिवू?"

वर्गात कायदा सांगणं सोपं होतं. अंगणात दोन येरझाऱ्या घालून त्यांनी बायकोला, गंगासागरला, फोन लावला. "अगं, वैष्णवीला हंगामभर आपल्याकडं ठेवावं म्हणतो."

"इचारताव का सांगताव?" ती म्हणाली. "आणा की. आपला रवि हॉस्टेलला गेल्यापसून घर खायला उठतंय."

तेवढ्यात वैष्णवीची आई छबुबाई दारातून बोलली. इतका वेळ ती पदराआडून ऐकत होती. "मला तेराव्या वर्षी दिलती. पहिलं लेकरू फडातच गेलं. कुणी इचारलं न्हाई. जाऊ द्या तिला सरांकडं."

"बाईमाणसाचं ऐकून गावात तोंड काळं करतो का बे?" सुंदरराव हनुमानवर खेकसले. "पाव्हण्यांना शब्द दिलाय मी! लगीन ठरल्या तिथीलाच लागंल. बघू कोण आडवं येतंय ते."

सरांनी मग सगळ्यांच्या देखत मुलांच्या मदतीचा नंबर, एक-शून्य-नऊ-आठ, लावला. मुलीचं नाव, गाव, वय सांगितलं. शेवटी स्वतःचंही नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बीडहून बालसंरक्षणाची माणसं आली, हनुमानकडून मुलीला अठरा पुरी होईतो लग्न न करण्याचं लिहून घेऊन गेली. नवरा मुलगा अंगद, तोही एकवीसचा नव्हता, एकोणीसचाच निघाला. वैष्णवी सरांकडं राहायला आली. गावानं सरांशी बोलणं टाकलं. कुणी म्हणालं, परजातीची पोर घरात ठेवलीय, यातही काही मतलब असणार.

सुट्टी संपून शाळा भरली. संस्थेची नोटीस सरांच्या खिशात होती: 'शाळेची बदनामी केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.' वैष्णवी पहिल्या बाकावर बसली होती. सर हजेरी घेऊ लागले. "शिवानी." उत्तर नाही. "दिपाली." उत्तर नाही.

"कुठंयत या दोघी?"

वर्ग खाली बघू लागला. शेवटी वैष्णवीच उठली. "शिवानीचं सुट्टीत लागलं, सर. गुपचूप. दिपालीचं परवा हाय."

खुलाशाला सात दिवस होते. सरांनी हजेरीपट मिटला, मोटरसायकलला किक मारली आणि दिपालीच्या वस्तीचा रस्ता धरला.