शिव्यांशिवाय गुकबाप

जन्जूच्या दक्षिण बाजारात माझ्या गुकबापला, म्हणजे रस्साभाताला, तोड नाही, असं मी चाळीस वर्षं समजत होते. मोड आलेल्या सोयाबीनचा कढत रस्सा, खारवलेली कोळंबी आणि गार भात. भात वाडग्यात घ्यायचा, वर उकळता रस्सा ओतायचा, वाडगा कलता करून रस्सा तेवढा परत पातेल्यात सोडायचा, पुन्हा ओतायचा. असं पाच वेळा. शिताशितात ऊब गेली पाहिजे, पण शीत मोडता कामा नये. ज्याला हे जमत नाही त्यानं दुकान काढू नये.

हात चालायचे तसा तोंडाचा पट्टाही. मेल्या, काल कुठं उलथला होतास? उरलेला भात कोण गिळणार, तुझा बाप? गिऱ्हाइकं हसत हसत ऐकून घ्यायची. मला वाटायचं, रश्श्यासाठी बिचारी माझं तोंड सहन करतात.

मागच्या हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. दोन महिन्यांनी दुकान उघडलं. चुलीशी मीच, बाहेर वाढायला सून मिह्वा. ती म्हणजे लोण्याहून मऊ. बसा काका, सावकाश होऊ द्या. आठवडाभरात टेबलं रिकामी पडू लागली. चव गेली, म्हणे. चव कशानं जाईल? हात तेच, पातेलं तेच. तुमच्याच जिभा झडल्या, असं ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशानं? मुलगा म्हणाला, वसंतापर्यंत असंच चाललं तर कुलूप लावू.

मी कागदावर लिहून मिह्वापुढं धरलं: शिव्या दे. ती लाजेनं लाल झाली. म्हणाली, ही माणसं माझ्या वडिलांच्या वयाची, तुमच्या तोंडी शोभतं ते माझ्या तोंडी कसं शोभेल? खरंच होतं ते. पांढऱ्या केसांना सगळं माफ असतं.

मग पिलगू आला. बाजारात छत्र्या दुरुस्त करतो. त्याची बायको महिन्यापूर्वी वारली. सलग तिसऱ्या सकाळी त्यानं नुसती दारू घेतली आणि वाडगा होता तसा ठेवला. मिह्वा वाडगा उचलून आत निघाली, अर्ध्या वाटेत थांबली, परत फिरली आणि तो त्याच्यापुढं आदळला.

"पिलगूकाका, दारू बरी उतरते घशाखाली, भात तेवढा अडतो? असे उपाशी मरून काकूंकडे गेलात तर त्या दारातूनच हाकलतील तुम्हाला. खा मुकाट्यानं. वाडगा रिकामा होईपर्यंत मी इथून हलणार नाही."

आणि ती खरंच हलली नाही. पिलगूनं चमचा उचलला. नाक ओढत ओढत शेवटच्या शितापर्यंत खाल्लं आणि आणखी भात मागितला. शेजारच्या म्हाताऱ्यानं बाजूला सारलेला आपला वाडगा गुपचूप पुढं ओढला. जाताना पिलगू तिच्यापुढं कमरेत वाकला. दुसऱ्या दिवशी तो दोघांना घेऊन आला, आणि मग कुलपाचं नाव घरात कुणी काढलं नाही.

पण वाडगा आदळला त्या दिवशी, सगळे गेल्यावर, मिह्वा आत येऊन रडायलाच लागली. मोठ्या माणसाला नाही नाही ते बोलले म्हणाली. मला तिला खूप सांगायचं होतं. पोरी, दुकान तू वाचवलंस. माझ्या रश्श्यानं नव्हे, तुझ्या डोळ्यांनी, कोण उपाशी आहे ते तुला दिसलं म्हणून. तिचे उपकार कसे फेडू, कळेना.

तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. पहाटे चारपासून उभी, तोंड सुकलेलं. साऱ्या बाजाराला मी जेवलास का म्हणून झोडपलं. ही सून होऊन आली त्याला चौदा वर्षं झाली, हिला एकदा विचारलं नाही. आता विचारावं तर आवाज नाही.

मी गार भात घेतला. पाचऐवजी सात वेळा रस्सा फिरवला, अंडं सोडलं आणि तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. ती संकोचून म्हणाली, आधी भांडी घासून घेते. मी डाव टेबलावर आपटला आणि डोळे वटारले.

मिह्वा रडता रडता हसली.

"खाते, आई," ती म्हणाली. "ओरडू नका."